वंद्यत्व निवारण केंद्र

दवाखान्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि वर पाटी दिसली, आणि ती चुकलेली होती, आणि ती चूक माझ्या हातची होती. ‘वंद्यत्व निवारण केंद्र’. ध च्या जागी द. वंध्य म्हणजे ज्याला मूल होत नाही तो. वंद्य म्हणजे ज्याच्या पाया पडावं असा. म्हणजे गेलं वर्षभर हा दवाखाना माणसांमधली पाया पडण्याची लायकी काढून टाकायचं काम करत होता, निदान पाटीवर तरी. मी पाट्या बनवणाऱ्या दुकानात काम करतो. ती फिल्म मीच कापली, मीच शिडीवर चढलो, साबणाचं पाणी मारून चिकटवली, पट्टी दाबून दाबून हवेचे बुडबुडे बाहेर काढले. बुडबुडा एक ठेवला नाही आणि शब्दच चुकवला. टाईप पैलवानानं केलं होतं. पैलवान म्हणजे आमच्या संगणकावर बसणारा पोरगा, अंगानं काडी, म्हणून पैलवान. त्यानं तेव्हा विचारलंही होतं, “हे वंद्यत्व म्हणजे काय ओ?” आणि मालक तोंडातला चहा न गिळताच म्हणाले होते, “बायकांचं असतं काहीतरी. तू अक्षरं मोठी घे.” एवढ्या मोठ्या अक्षरांतली चूक वर्षभर कशी टिकली असं कोणी विचारेल. टिकते. त्या दारातून आत जाणारा माणूस मान वर करत नाही. चप्पल बघत, फोनवर बोलत असल्याचं नाटक करत, शेजारच्या चष्म्याच्या दुकानात निघाल्यासारखा तिरका चालत तो आत सटकतो. आधीच्या खेपांना मीही तसाच सटकलो होतो, पण धंद्याची सवय शेवटी मान वर करतेच. पाटी दिसली की वाचतो. त्या दिवशी वाचली आणि पाय तिथंच अडला, जिन्याची एक पायरी कमी निघावी तसा.

आत डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं की शून्य. कमी नाही, मंद नाही, शून्य. दोनदा तपासलं, दोन्ही वेळा शून्य. बाई माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील, पण आवाज त्यांनी मोठ्या बाईचा लावला होता. तिथवर पोचायला आम्हाला बराच काळ लागला होता, कारण आधी बायकोचं सगळं तपासून झालं होतं. बाई असली की आधी तिलाच उघडून बघायचं असा जगाचा नेमच आहे. तिच्या नसा टोचून झाल्या, पोटात यंत्रं फिरवून झाली, रंग सोडून फोटो काढून झाले, ती दर वेळी ओठ दाबून टेबलावर चढली आणि उतरली, आणि मी बाहेरच्या बाकावर बसून तिची पर्स सांभाळली. पाळी शेवटी माझी आली. मला काय करायचं होतं? एका खोलीत जाऊन डबी भरायची. तेवढ्यासाठी मी रात्री झोपलो नव्हतो, आणि खिडकीतून माझ्याच वयाचा एक जण ओरडला, “सॅम्पल कोणाचंय, नाव लिहिलं नाही,” तेव्हा मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली होती. तिला कधी कोणाच्या थोबाडीत मारावीशी वाटली का, हे मी विचारलंच नव्हतं. असो. डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं आणि विचारलं, “घरात कोणाला असा त्रास होता का? वडील, काका?” मी म्हणालो, “हो. वडिलांना.” त्यांनी लिहिलं. मग पेन थांबलं. “वडिलांना म्हणजे… तुमच्या?” “हो.” “असंच? शून्य?” “हो, असंच.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “मग तुम्ही?” मग मला समजलं मी काय बोललो ते, आणि कानापर्यंत तापलो.

कारण बाबांचं आणि माझं रक्ताचं काही नाही. हे गुपित नाही. आई असतानाच, मी शाळेत जायला लागल्यावर, तिनं भाजी निवडता निवडता सांगून टाकलं होतं. तिला लपवाछपवीचा कंटाळा होता. “बाबांकडे बीज नव्हतं. एका भल्या माणसानं दिलं. डॉक्टरांनी ते नळीतनं माझ्या पोटात ठेवलं. मग तू आलास. शेंगा इकडे दे.” मी शेंगा दिल्या. मला त्यात दुःखाचं काही वाटलं नाही, मला नळीची मजा वाटली. पुढे कुठल्याशा पुस्तकात ‘परीक्षानळी’ हा शब्द भेटला आणि माझी खात्रीच पटली की मी परीक्षा देऊन आलोय. वर्गात छाती काढून सांगितलं, “तुम्ही सगळे असेच आलात, मी पास होऊन आलो.” पोरांनी त्या दिवसापासून मला ‘नळी’ नाव ठेवलं ते शाळा सुटेपर्यंत. रागवायचं कशाला हे मला कळेना. पास झालेल्या माणसाला चिडवतात कसं? मग वरच्या वर्गात विज्ञानाच्या पुस्तकात तो धडा आला आणि मी तयार होऊन बसलो की आता सगळ्यांना कळेल. सरांनी पानं चाळली, खोकले आणि म्हणाले, “हा घरी वाचा.” कोणी वाचला नाही. प्रजननाचा धडा आमच्या अख्ख्या पिढीचा राहिला. राहिला तो राहिलाच. आता ती पोरं तिशीला आली, कोणी बँकेत आहे, कोणी ट्रक चालवतो, आणि मूल होणं म्हणजे नळ आहे अशी सगळ्यांची समजूत आहे. आत्ता नको, आत्ता बंद ठेवा. झाली नोकरी पक्की, घेतलं घर, आता सोडा. सोडल्यावर नुसती हवा आली की मग एकेकाची अक्कल बाहेर पडते. पैलवान मला म्हणाला, “फोन खिशात ठेवू नका, तापतं ते.” दुसरा म्हणाला घट्ट पँट. तिसरा म्हणाला मोटारसायकल. एकानं कानाशी येऊन, माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी जिव्हाळ्यानं विचारलं, “पण तसं… उभं वगैरे राहतं ना?” त्याला वाटत होतं ही एकच गोष्ट आहे. त्याची चूक तरी काय? आपल्या भाषेनं त्याला शब्दच दिलेला नाही. बाईसाठी वांझ आहे, वांझोटी आहे, झाडाला, जमिनीला, जनावराला सगळ्याला शब्द आहेत. पुरुषाला एकच, नामर्द, आणि तो दुसऱ्याच दुखण्याचा आहे. माझ्या दुखण्याला बोलीत नावच नाही, म्हणजे ते नाहीच. जे दुखणं नाहीच ते निघालं की बायकोच्या माथी मारायला सगळे मोकळे.

आणि मी तरी कोण मोठा शहाणा. तपासणीच्या आधी एका संध्याकाळी, ती ओले केस पुसत असताना, मी तिला म्हणालो होतो, “काहीही निघालं तरी एक सांगून ठेवतो. बाहेरचं नको.” बायको मुलांना पोहायला शिकवते. घरात आली की तिच्यामागून तलावाच्या पाण्याचा तो औषधी वास येतो, तिच्या उशीलाही येतो, मला त्याच्याशिवाय झोप येत नाही. टॉवेल तसाच डोक्यावर ठेवून तिनं विचारलं, “बाहेरचं म्हणजे? तुझ्यासारखं?” ती टोमणा मारत नव्हती, खरंच विचारत होती. मी चिडून गॅलरीत गेलो. चिडलो कारण उत्तर होतं आणि ते देता येत नव्हतं. मला बाहेरच्या बीजाची किळस नव्हती, मीच तो. मला भीती बाबांची होती. म्हणजे बाबांएवढं होण्याची. मला लहानपणापासून वाटत आलंय की बाबांना हे रोज ठरवावं लागत असणार. सकाळी उठायचं, दाढी करायची, आरशात बघायचं, मग पाळण्यात पडलेल्या या पोराकडे बघायचं, ज्याचं नाक आपलं नाही, कपाळ आपलं नाही, आणि स्वतःला बजावायचं, हा माझा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मला ताप आला की पुन्हा, मी काच फोडली की पुन्हा, परीक्षेत गटांगळी खाल्ली की पुन्हा. इतकी वर्षं. एवढा धीर आणायचा कुठून? मला तर पट्टीखालचा एक बुडबुडा सरकला नाही तरी शिव्या सुचतात. एखाद्या सकाळी मी ठरवायला विसरलो तर? एखाद्या सकाळी त्या पोरानं दूध सांडलं आणि माझ्या डोळ्यांत त्याला दिसलं तर, की हा माणूस आज ठरवायचं विसरला? ते पोराला कळतं. मला कळलं असतं. मी तर टपूनच बसलो होतो, लहानपणी कित्येक वर्षं, बाबांच्या तोंडावर ती विसरलेली सकाळ शोधत. सापडली नाही. त्यामुळे मी त्यांना फार मोठा नट समजत होतो.

दवाखान्यातून निघालो तो घरी गेलो नाही, बायकोला फोन केला नाही. बाबांकडे गेलो. बाबा जन्मभर लिफ्टचे मेकॅनिक. कंपनीनं निरोप देऊन झालाय, पण ते राहतात त्या इमारतीची लिफ्ट कुरकुरली की लोक कंपनीला नंतर बोलावतात, आधी त्यांचं दार वाजवतात. त्या दुपारी लिफ्ट बंदच होती. जिना चढून गच्चीवरच्या मशीनच्या खोलीपाशी पोचलो तेव्हा माझा भाता झाला होता. दार उघडं, आत बाबा उलट्या डब्यावर बसून ब्रेकच्या ड्रमवरची काजळी चिंधीनं पुसत होते. ग्रीसचा वास, तापलेल्या लोखंडाचा वास. माझ्या लहानपणाला हाच वास आहे, शाळेच्या दप्तराला आणि आईच्या पदरालाही तोच लागलेला. मला न बघताच ते म्हणाले, “दार लोट. पारवे घुसतात.” मी दार लोटलं. “जेवलास?” “हो.” “खोटं बोलतोस. डब्यात अजून आहे, हात पूस आणि खा.” आणि तेवढ्यात त्यांना शिंक आली. त्यांची शिंक मला पाठ आहे. नाक वर जातं, डोळे मिटतात, आणि शिंक फुटायच्या आधी डावा तळहात जाऊन भिंतीला टेकतो. कारण उमेदीची सगळी वर्षं त्यांनी लिफ्टच्या टपावर उभं राहून काढली. तिथं अंधाऱ्या विहिरीत न धरता शिंकलेला माणूस खाली सापडतो. तो हात भिंतीला टेकला आणि मला आठवलं, आज सकाळीच दवाखान्याच्या बाकावर मलाही शिंक आली होती आणि माझा डावा हात मागच्या भिंतीला गेला होता. मी लिफ्टच्या टपावर कधी चढलेलो नाही. मला उंचीची भीती वाटते, शिडीच्या पुढं जात नाही मी.

उभ्या उभ्याच सांगून टाकलं. “बाबा, दोष माझ्यात निघाला.” चिंधी थांबली. “किती आहे?” असं त्यांनी विचारलं, म्हणजे त्यांना ती भाषा अजून येत होती. “काहीच नाही. शून्य.” बाबांनी चिंधी ड्रमवर टाकली. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, काजळीच्या हाताचाच, आणि कपाळावर काळा पट्टा उठला. “च्च. माझंच आलं बघ तुझ्यात.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “काय?” “माझ्याकडून आलं रे हे तुला, लेका. आमच्याकडे आहेच ते. माझ्या थोरल्या काकालाही नव्हतं झालं, त्यानं दोन लग्नं केली, दोन्ही बायका फुकट बदनाम केल्या. मग माझ्यात आलं. आता तुझ्यात.” ते कळवळून बोलत होते. आवाज फाटला होता. “पाठ माझी घेतलीस, शिंक माझी घेतलीस, डोकं माझं तापट घेतलंस. म्हटलं चला, एवढ्यावर भागलं. तर हेही. चांगलं काही द्यायला जमलंच नाही बघ मला.” मी वाट बघितली. आता लक्षात येईल. आता जीभ चावतील, हसतील, म्हणतील, अरे हो की, मी पण काय बोलतोय. पारवे दारावर चोची आपटत होते. बाबांच्या डोळ्यांत पाणी जमलं होतं आणि ते खरंखुरं अपराध्याचं पाणी होतं. त्यांच्या लक्षात येणार नव्हतं. ते विसरले होते. नाटक नव्हतं, नट नव्हता, रोज सकाळी ठरवणं-बिरवणं काही नव्हतं. कधी विसरले असतील? पहिल्या आठवड्यात? पहिल्यांदा मी त्यांच्या अंगावर ओकलो तेव्हा? मी इतकी वर्षं त्यांच्या चेहऱ्यावर जी विसरलेली सकाळ शोधत होतो ती सापडली नाही, कारण मी भलतंच विसरणं शोधत होतो. आणि सकाळी डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर मी काय केलं होतं? तेच. एका मिनिटाचाही विचार न करता, वडिलांना होता, असंच शून्य, असं सांगून मोकळा झालो होतो. असली गाढव चूक दुनियेत दुसरं कोण करेल? एकाच दिवशी आम्ही दोघांनी केली. ही मात्र मला त्यांच्याकडूनच आली, कुठल्याही डॉक्टरनं तपासून बघावी.

“हो बाबा,” मी म्हणालो, “तुमच्याकडूनच आलं.” आणि डब्यातला घास तोंडात कोंबला, कारण नाहीतर मी हसलो असतो किंवा रडलो असतो, आणि दोन्हीचं कारण मला सांगायचं नव्हतं. बाबांनी नाक पुसलं. “सूनबाईला सांगितलंस?” “नाही अजून.” “आधी तिला सांगायचं, बावळटा. इकडे कशाला जिने चढत आलास? ती तिकडं स्वतःला खात बसली असेल. आणि डॉक्टर काय म्हणाल्या? काही उपाय?” मी घास गिळला. “आहे ना. तुम्ही केला तोच.” “मी केला तो?” बाबांचा चेहरा एकदम मोकळा झाला, अडकलेली लिफ्ट सुटावी तसा. “मग अडलंय कुठं? कर की! चांगला गुण येतो त्याचा. मला नाही का आला?” आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की तो गुण समोर उभा आहे, तोंडात घास आहे, आणि त्याचे केस वाढलेत. काका, पाठ, वारसा एकीकडे, आणि भला माणूस, नळी, डॉक्टर एकीकडे. दोन्ही गोष्टी त्या डोक्यात शेजारी शेजारी नांदत होत्या आणि इतक्या वर्षांत त्यांची एकमेकींशी ओळख झालेली नव्हती. मी ती करून देणार नव्हतो. मनात त्या भल्या माणसाला, जो कोण असेल त्याला, मी पहिल्यांदा हात जोडले. बाबा, तुम्ही मला दिसणं दिलं नाहीत म्हणून काय झालं. हात टेकवायला भिंत दिलीत.

तलावावर गेलो तेव्हा बायको कमरेएवढ्या पाण्यात उभी होती आणि एका पोरीच्या पोटाखाली हात धरून तिला तरंगवत होती. “सोडणार नाही, सोडणार नाही,” म्हणत होती आणि हळूच सोडत होती. मला बघून शिट्टी वाजवली, पोरांना काठाला लावलं आणि पाण्यातूनच ओरडली, “काय रे?” मी काठाशी उकिडवा बसलो. “माझ्यात आहे. तुझं सगळं ठीक आहे. पहिल्यापासून ठीकच होतं.” तिनं ओला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. “आणि ते बाहेरचं नको म्हणालो होतो ना,” मी म्हणालो, “ते मी मूर्खासारखं बोललो. होऊ दे आपल्याला. जसं होईल तसं.” “आणि कोणासारखं होईल?” “शिंकेल माझ्यासारखं.” “शी! ती भिंत धरून? नको बाई.” असं म्हणत ती हसली, आणि हसता हसता तिनं तोंड पाण्यात घातलं, म्हणजे पोरांना कळू नये.

पहिल्यांदा नाही राहिलं. आपल्यात म्हणायची रीतच आहे ना ही, राहिलं, नाही राहिलं. आत टिकलं तरी राहिलं आणि करायचं विसरलं तरी राहिलंच. त्या वेळी ती दोन दिवस पोहायला शिकवायला गेली नाही, आणि मी पैलवानाला बसवून, सरांनी राहू दिलेला तो धडा पहिल्यापासून शेवटपर्यंत शिकवला, माझं शून्य धरून. तो चहा विसरला. शेवटी म्हणाला, “म्हणजे हे कोणालाही असू शकतं? मलाही?” म्हटलं, “तुलाही. फोन खिशात ठेव नाहीतर डोक्यावर.” दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः होऊन नवीन ‘ध्य’ टाईप केला, दहादा तपासला, आणि मी तो कापून पिशवीत ठेवला.

दुसऱ्या खेपेचा निकाल घ्यायला आम्ही दोघं गेलो. ती आत गेली. मला बाकावर बसवेना, तिची पर्सही या वेळी तिनंच नेली होती. हातांना काहीतरी काम हवं होतं. चष्म्याच्या दुकानातून शिडी मागून आणली, पाटीला लावली, चढलो. द्य चं टोक नखानं उचकटायला घेतलं. चांगला चिकटवला होता, गाढवानं. खाली दार वाजलं. ती पायरीवर येऊन उभी, मान वर केलेली. त्या दारात मान वर केलेलं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं. “राहिलं,” ती म्हणाली.

“हो, राहिलंय,” मी म्हणालो, “दोन मिनिटांत लावतो, निघतच नाहीये हे.”

“अरे गाढवा,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज भलतीकडेच गेला, “राहिलं! राहिलं!”

मी खाली कसा आलो मला माहीत नाही. शिडी अर्धा दिवस तिथंच उभी होती, चष्मेवाला अजून ऐकवतो. ध्य अजून माझ्या पिशवीत आहे, पाटी आहे तशीच आहे, आणि ती आता मी बदलेन असं वाटत नाही. संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते खुर्चीतून उठले, पुन्हा बसले, नाक वर गेलं, डावा हात भिंतीला टेकला, शिंकले. मग डोळे पुसत, अगदी काळजीच्या सुरात म्हणाले, “सगळं येऊ दे आपलं पोरात. माझी पाठ तेवढी नको यायला.”